कॅमेरा आधी की कुलूप आधी?

गल्लीत एक घरफोडी झाली आणि पुढच्या आठवड्यात चार घरांवर नवे कॅमेरे चढले. गंमत म्हणजे ज्यांच्याकडे चोरी झाली त्यांच्याकडे कॅमेरा होताच. तोंडाला रुमाल बांधलेला माणूस कुंपणावरून आला, मागच्या दाराशी वाकला आणि 11 मिनिटांनी बॅग घेऊन निघून गेला, सगळं एकदम क्लिअर रेकॉर्ड झालं, उपयोग शून्य. तेव्हापासून मला ओळखीचे लोक विचारतात की खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर कशावर करू, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

आधी दार. लोक भारीतलं कुलूप आणतात आणि बसवतात त्याच जुन्या चौकटीत. लाथ बसली की कुलूप शाबूत राहतं आणि चौकट फुटते, कारण बोल्ट ज्या पट्टीच्या भोकात जातो ती पट्टी बहुतेक वेळा पाऊण इंचाच्या दोन स्क्रूंवर लटकलेली असते. तिथे जाड पट्टी आणि चौकटीच्या पार भिंतीत जाणारे तीन इंची स्क्रू टाकले, बिजागऱ्यांनाही तेच केलं, की त्याच दाराला फोडायला कितीतरी जास्त वेळ आणि आवाज लागतो. सिलिंडरवालं लॉक (चावी घालायचा गोल भाग वेगळा बसवलेला असतो ते) असेल तर तो सिलिंडर बाहेरून पुढे आलाय का बघा, आला असेल तर तो पकडीत धरून मोडता येतो, दाराशी जवळपास सपाट हवा. आणि बाहेरून लटकवायचं कुलूप म्हणजे तर घरात कोणी नाही अशी पाटीच, त्यापेक्षा दारात बसलेलं लॉक कधीही बरं.

हे नुसतं माझं मत नाही. नेदरलँड्समध्ये 1999 पासून नव्या घरांना घरफोडीला टिकणारी दारं-खिडक्या बसवायची सक्ती झाली, नंतर अभ्यास झाला तर त्या घरांमधल्या घरफोड्या साधारण 26 टक्क्यांनी कमी निघाल्या, आणि चोर शेजारच्या जुन्या घरांकडे वळले असंही दिसलं नाही. युरोपात दारं फोडून बघायची टेस्ट असते, त्यात आरसी 2 वर्गाच्या (घरफोडीला टिकण्याची एक पायरी) दाराने स्क्रूड्रायव्हर-पाचर असल्या हत्यारांसमोर 3 मिनिटं टिकायचं असतं. 3 मिनिटं ऐकायला काहीच नाही वाटत, पण भरवस्तीत कोणाच्या तरी दारावर 3 मिनिटं ठोकाठोक करून बघा.

आता कॅमेरा. तो चोराला अडवत नाही, फार तर विचार करायला लावतो, आणि तोही दिसला तर. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यायला चित्रात एका मीटरला साधारण 250 पिक्सेल लागतात असं मानक आहे, म्हणजे 1080पी (1920 पिक्सेल रुंद चित्राच्या) कॅमेऱ्यात जेमतेम साडेसात मीटर रुंदीची जागा बसवावी, लोक मात्र अख्खं अंगण आणि अर्धा रस्ता एकाच कॅमेऱ्यात घेतात आणि मग चेहऱ्याच्या जागी चार ठिपके. शिवाय लाइट गेली की वायफाय गेलं, आणि रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवला असेल तर चोर तोही घेऊन जातो. तरी कॅमेरा वाईट म्हणत नाहीये मी. दार आधीच मजबूत असेल, तुम्ही महिना-महिना बाहेर असता किंवा घरी म्हातारी माणसं एकटी असतात, तर फोनवर दारात कोण उभंय हे दिसणं फार मोठी सोय आहे. फक्त पहिला खर्च तो नको.

अलार्म की लाइट, यात मला लाइट पटतात. अलार्म मांजर, वारा, आपलाच विसरभोळेपणा कशानेही वाजतो आणि तिसऱ्यांदा वाजला की शेजारी कूस बदलून झोपतात. इंग्लंड-वेल्सच्या गुन्हे सर्व्हेवरून हिशेब केला होता: खिडक्यांना लॉक, दाराला डबल लॉक, आत टायमरचा दिवा आणि बाहेर सेन्सरचा दिवा, हे चारही असलेली घरं काहीच नसलेल्या घरांपेक्षा सुमारे 49 पट सुरक्षित निघाली, उलट एकट्या अलार्मचा काही फायदा दिसला नाही. कुत्रा असेल तर उत्तम, पण चोरासाठी म्हणून कुत्रा आणू नका, त्याला फिरवायचं कोणी.

वॉचमन की शेजारी? वॉचमन गेटवर असतो आणि चोर मागून येतो, राउंड मारणारा असेल तरच पैसे वसूल. शेजारी फुकट आहेत पण त्यांना सांगावं लागतं. इंग्लंडमधल्या किर्कहोल्ट वसाहतीत 1980 च्या दशकात एक प्रयोग झाला, ज्या घरात चोरी झाली त्याच्या आजूबाजूच्या पाच-सहा घरांनाच त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितलं, त्याच घराची दारं-कुलपं दुरुस्त केली, चोर ज्यातली रोकड न्यायचे ते घरातले नाणी टाकायचे गॅस-विजेचे मीटर काढून टाकले, आणि तीन वर्षांत घरफोड्या 75 टक्क्यांनी उतरल्या. कारण एकदा फुटलेलं घर काही आठवड्यांत पुन्हा फुटायची शक्यता बरीच जास्त असते, चोराला वाट माहीत झालेली असते. अख्ख्या वसाहतीचा दोनशे जणांचा ग्रुप काढला तर त्यात गुड मॉर्निंग येतं आणि अनोळखी प्रत्येक डिलिव्हरीवाल्यावर संशय, सहा घरांचा ग्रुप जास्त कामाचा. त्यातही आम्ही चाललो फिरायला असे फोटो परत आल्यावर टाका.

मग काय निवडायचं? तळमजला किंवा स्वतंत्र घर असेल तर मागचं दार आणि खिडक्या आधी, पुढचं दार नंतर. ग्रील लावणार असाल तर एक तरी आतून उघडणारी ठेवा, आग लागली तर तिथूनच बाहेर पडायचंय. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला विचारून सिलिंडर बदला, जुन्या चाव्या किती जणांकडे आहेत देव जाणे, आणि टायमरचा दिवा घ्या, तो जाताना सोबत नेता येतो. तुमच्याकडे किंवा शेजारी नुकतीच चोरी झाली असेल तर मात्र कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू वाचत बसू नका, याच आठवड्यात सुतार बोलवा आणि चौकटीवरच्या पट्टीचे स्क्रू काढून बघा किती लांबीचे निघतात.