सनस्क्रीनच्या बाटल्या की लांब बाह्यांचा रॅश गार्ड?

उष्ण कटिबंधातल्या एखाद्या बेटावर सुट्टीला जायचं ठरलं, की उन्हाचा बंदोबस्त दोन तऱ्हांनी करता येतो. एक तर सनस्क्रीनच्या मोठ्या बाटल्या घ्यायच्या आणि दिवसभर अंगाला चोळत राहायचं. नाहीतर लांब बाह्यांचा, अंगासरशी बसणारा पोहण्याचा शर्ट, म्हणजे रॅश गार्ड, घालून पाण्यात उतरायचं आणि क्रीम फक्त उघड्या भागाला लावायचं. मी दोन्ही करून पाहिलंय. पहिली सहल पूर्णपणे बाटलीच्या भरवशावर केली, त्यानंतरच्या दोन रॅश गार्ड घालून. माझा कल कुठे आहे ते यावरून कळेलच. तुमचा बेत माझ्यासारखाच असेल असं नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

सनस्क्रीनचा मोठा फायदा म्हणजे अंग मोकळं राहतं. किनाऱ्यावर झाडाच्या सावलीत वाचत पडायचं, अधूनमधून कमरेएवढ्या पाण्यात डुंबून यायचं, एवढाच कार्यक्रम असेल तर त्यासाठी वेगळा कपडा घ्यायची खरंच गरज नाही. शिवाय चेहरा, कान, मानगूट, हातांचे पंजे आणि पावलांची वरची बाजू कुठल्याच शर्टाखाली झाकली जात नाही, म्हणजे थोडं क्रीम सगळ्यांनाच न्यावं लागतं. प्रश्न उरतो तो पाठ, खांदे आणि दंडांचा.

बाटलीवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत मोजतात, तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर दिलेला असतो. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला त्या हिशेबाने साधारण ३० मिली क्रीम लागतं. एकदा घरी तेवढं पाणी मोजून तळहातावर ओतून पाहा, खळगा भरून वाहायला लागेल. एरवी आपण त्याच्या निम्मंही लावत नाही, त्यामुळे बाटलीवरचं ५० आपल्या अंगावर बरंच खाली येतं. वर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर, अंग पुसल्यावर तर लावायचंच. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असलं तरी अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे त्याचा अर्थ ४० किंवा फार तर ८० मिनिटं एवढाच आहे. दिवसातून चार वेळा म्हटलं तरी एका माणसाला पाच दिवसांत ६०० मिली होतात. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमान प्रवासांत हातातल्या सामानात १०० मिलीच्या वरची बाटली चालत नाही, म्हणजे हे सगळं मोठ्या बॅगेत गेलं.

हे सगळं मी वाचून गेलो होतो आणि मला ते मान्यही होतं. बाटल्या नेल्या, वेळ पाळली. अडलं ते भलतीकडेच.

होडीने तीन ठिकाणी स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पालथं तरंगत पाण्याखालचं बघायला, जायचा दिवस होता. सकाळी खोलीत कोरड्या अंगावर क्रीम लावलं, ते छान बसलं. पहिल्या ठिकाणी पाऊण तास पाण्यात काढून आम्ही एका छोट्या वाळूच्या पट्ट्यावर उतरलो. आता दुसरा हात द्यायची वेळ. अंग ओलं, त्यावर मीठ, टॉवेल भिजलेला आणि त्यालाही वाळू. ओल्या कातडीवर क्रीम धरेना, पांढरे ओघळ होऊन खाली यायला लागलं. खांद्यावरून हात फिरवला तर तळव्याखाली क्रीम आणि वाळू एकत्र फिरत होती, काचपेपर घासावा तशी. पाठीच्या मधोमध हात पोचत नाही म्हणून बायकोने लावून दिलं, पण तिच्या हातालाही तीच वाळू. होडीवाला हाका मारत होता, त्यामुळे सगळं घाईत उरकलं. त्याच चिकट बोटांनी मास्क चढवला, काचेवर तेलकट डाग पडला आणि मास्कची कड कपाळावरून सरकत राहिली. दुसऱ्या ठिकाणी पाणी इतकं निवळ होतं की खालचं प्रवाळ स्पष्ट दिसावं. मी मात्र दर दोन मिनिटांनी डोकं वर काढून मास्क रिकामा करत होतो, डोळे चुरचुरत होते. तिसऱ्या ठिकाणी क्रीम लावलंच नाही. इच्छाच राहिली नव्हती.

रात्री आरशात पाठ पाहिली. जिथे बोटं फिरली होती तिथे कातडीचा मूळ रंग राहिला होता, बोटांचे चार तिरपे फराटे स्पष्ट मोजता येत होते. बाकीची पाठ काळवंडून तापली होती. पुढच्या दोन रात्री पालथं झोपलो आणि पाठीवर सॅक अडकवणं परतीच्या दिवसापर्यंत जमलं नाही. सावळ्या माणसाला ऊन बाधत नाही असं आपण सहज म्हणतो. बाधतं. लाली चटकन दिसत नाही, एवढाच फरक.

क्रीम खराब होतं असं माझं म्हणणं नाही. जिथे ते नीट लागलं तिथे त्याने काम केलं, ते फराटे त्याचाच पुरावा. पण त्याचं सगळं यश पुन्हा लावण्यावर आहे, आणि ओल्या, खारट, वाळूभरल्या अंगावर पुन्हा लावणं ही एकच कटकट मला पुरी पडली. ज्यांना ती जाणवत नाही, किंवा ज्यांच्या होडीवर अंग धुवायला गोडं पाणी असतं, त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

स्नॉर्केलिंगमध्ये ही कटकट जास्त महागात पडते, कारण तासन्‌तास पाठ वर करूनच तरंगायचं असतं. विषुववृत्ताच्या आसपास दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि अतिनील निर्देशांक (उन्हातल्या भाजणाऱ्या किरणांचं मोजमाप) ११ च्या पुढे, म्हणजे अतितीव्र पातळीत, सहज जातो. त्यातच पाणी गार लागतं, म्हणून भाजतंय हे कळत नाही. अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागावरच्या अतिनील किरणांपैकी सुमारे ४० टक्के पोचतात, मग पाठीवरून जाणाऱ्या वीतभर पाण्याचा आडोसा तो काय!

रॅश गार्ड मुळात सर्फिंग करणाऱ्यांचा कपडा. मेण लावलेल्या फळीवर छाती घासून पुरळ उठू नये म्हणून आलेला. आता त्यावर यूपीएफचा आकडा असतो, क्रीमवरच्या एसपीएफसारखाच, पण कपड्यासाठीचा. कपड्याचं संरक्षण मोजायचं पहिलं मानक १९९६ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आलं. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे २ टक्के, आत येतो. कपडा आहे तोवर हे संरक्षण टिकतं, दुसरा हात द्यावा लागत नाही. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. दुसऱ्या सहलीत होडीवरून तीन वेळा उतरलो आणि चढलो, पाठीचा विचार एकदाही मनात आला नाही.

मग घरातला जुना सुती टी-शर्ट का नको? पातळ पांढऱ्या सुती शर्टाचा यूपीएफ कोरडा असतानाही पाच ते सातच्या आसपास असतो आणि भिजल्यावर आणखी उतरतो. शिवाय तो पाण्यात जड होतो आणि पोहताना हातांत अडकतो.

रॅश गार्डचाही त्रास आहे, तो लपवत नाही. पाण्यात तो हळूहळू वर सरकतो. पहिल्याच दिवशी माझी कमरेची चार बोटं पट्टी उघडी राहिली आणि तेवढीच भाजली. पुढच्या बाजूला आतून एक छोटा फासा असतो, त्यात शॉर्ट्सची नाडी ओवायची असते, हे मला संध्याकाळी कळलं. होडी वेगात निघाली की ओल्या कपड्यात वारा चांगलाच झोंबतो. दमट हवेत रात्रभर वाळत घातला तरी सकाळी काखेत ओलाच असतो, आणि ओला कपडा अंगात चढवणं नकोसं होतं. म्हणून मी दोन नेतो. माप सैल असेल तर काखेत काचतो, फार घट्ट असेल तर कापड ताणून विरळ होतं आणि ऊन आत येतं.

आणखी एक गोष्ट क्रीमच्या विरुद्ध जाते, आणि ती आपल्या सोयीच्या पलीकडची आहे. प्रवाळाला अपायकारक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही ऊन अडवणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटांच्या देशाने २०२० पासून बंदी घातली, हवाईने २०२१ पासून त्यांची विक्री थांबवली, आणि थायलंडने २०२१ मध्ये आपल्या समुद्री राष्ट्रीय उद्यानांत अशी क्रीम वापरायला मनाई केली. म्हणजे बाटली घेताना मागचं बारीक अक्षर वाचायला हवं. झिंक ऑक्साइडचं क्रीम यातून सुटतं, पण ते जाड असतं, चेहरा पांढराफटक दिसतो आणि ओल्या अंगावर तर आणखीच धरत नाही. मी तेच नेतो, मात्र आता फक्त तोंड, कान, मान आणि हातापायांपुरतं. १०० मिलीची एक ट्यूब आठवडाभर पुरते आणि हातातल्या सामानात जाते. पोटऱ्या आणि गुडघ्यांची मागची बाजू पोहताना वरच असते, त्यांच्यासाठी त्याच कापडाची लांब पँट मिळते. मी अजून घेतलेली नाही, तिथे क्रीमच लावतो आणि दर वेळी घ्यायला हवी होती असं वाटतं.

बायकोचं मत थोडं निराळं आहे. तिला पाण्यापेक्षा किनारा आवडतो आणि सावलीत बसल्यावर अंगाला चिकटलेला कपडा नको वाटतो. तिची बाटली तिच्या बॅगेत असतेच. होडीच्या दिवशी मात्र माझा दुसरा रॅश गार्ड ती घालते.

घ्यायला जाल तेव्हा अंगात घालून दोन्ही हात डोक्यावर न्या आणि पोहताना वाकतो तसं पुढे वाका. मागे कंबर उघडी पडली तर रंग कितीही आवडला असला तरी दुसरा बघा.