गाडीत शिरणारं पाणी: एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

गाडी २००९ सालची पेट्रोल हॅचबॅक, सेकंड हँड घेतलेली. राहायला चिपळूणला, गाडी उघड्या अंगणात बकुळीखाली. गेल्या वर्षी जुलैत डावीकडच्या पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं झालं ते दिवाळीपर्यंत सुकलं नाही. काचा आतून धुरकट, कुबट वास. आईला दमा, ती गाडीत बसायलाच तयार होईना. म्हणून यंदा मे महिन्यात स्वतः काम हाती घेतलं. आता पावसाळा संपलाय, तेव्हा काय टिकलं आणि काय नाही ते लिहितो.

आधी एका गॅरेजमध्ये पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन मारून घेतलं होतं. पहिल्याच सरीत पाणी परत आत. काचेतून ते येतच नव्हतं! शिवाय व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमुळे पत्र्याला गंज धरतो आणि त्या जागी पुढे दुसरं सीलंट नीट चिकटत नाही. ते खरवडण्यात माझा एक रविवार गेला. गळती सापडल्याशिवाय कुणालाही सिलिकॉनची नळी हातात घेऊ देऊ नका.

पाणी कसलं आहे ते आधी बघा. चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर ते इंजिन थंड ठेवणारं कूलंट, म्हणजे हीटरची कॉइल गळतेय. एसी चालवल्यावरच ओल येत असेल आणि गाडीखाली थेंब पडत नसतील, तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. माझी गाडी बंद उभी असतानाही भिजायची, म्हणजे पावसाचंच पाणी.

सीट काढून कार्पेट उचललं. खालचा जाड नमदा पिळला तर बादलीचा तळ भरला. वरून कार्पेट कोरडं लागतं, म्हणून कितीतरी जण फसतात. पत्रा पुसून, सुकवून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. मग पुतण्याला टॉर्च देऊन आत बसवलं आणि बाहेरून पाइपने हळू धार सोडली. सुरुवात खालून, एकेका जागी दहा मिनिटं, मग वर. टपापासून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर तर नकोच, तो नसलेली गळतीही दाखवतो.

दाराच्या काचेवर धार आली आणि आतून हाक आली, "काका, आलं! पॅडच्या खालून येतंय!"

काचेच्या फटीतून पाणी दारात उतरणारच, दाराची रचनाच तशी असते. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, आणि पॅडमागचा, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणामागचा, प्लॅस्टिकचा पडदा त्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. आधीच्या मालकाने स्पीकर बसवताना तो पडदा फाडून पॅकिंग टेपने चिकटवला होता. मी जुना चिकटा रॉकेलने पुसला, जाड प्लॅस्टिक कापून ब्यूटाइल टेपने (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) बसवलं आणि खालची कड दाराच्या पत्र्याच्या आत सोडली, म्हणजे थेंब आतल्या आत पडतात. तळाची भोकं तारेने मोकळी केली.

दुसरी गळती वायपरखालच्या जाळीत निघाली. बकुळीची पानं-फुलं कुजून निचऱ्याचं तोंड बंद झालेलं. साचलेलं पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरत होतं. खर्च शून्य, फक्त हात घालून गाळ काढला.

नमदा सहा दिवस मेच्या कडक उन्हात वाळवला, तो पूर्ण सुकल्यावरच परत घातला. ही पायरी टाळली असती तर बाकीची मेहनत वाया गेली असती.

कोकणातल्या पावसाने या ब्यूटाइल टेपची खरी परीक्षा घेतली. ऑगस्टमध्ये काच वर-खाली होईना म्हणून पडदा उचकटावा लागला, तरी तीच टेप दाबून पुन्हा पक्की बसली. पॅकिंग टेपच्या मानाने महाग आहे, पण दुसरं काही लावू नका. कार्पेट कोरडं राहिलं. आई परवा काचा लावून गुहागरला जाऊन आली, वासाचं नावही काढलं नाही. जाळी मात्र पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी साफ करावी लागली.

डिकीचं काम राहिलंय. सप्टेंबरात स्टेपनीच्या खळग्यात पेलाभर पाणी सापडलं. डिकीच्या कडेचं रबरी बीडिंग नवं घातलं होतं, पण पाणी येत होतं मागच्या दिव्याच्या कडेने, तिथलं फोमचं गॅस्केट पार चुरा झालंय. तूर्त ब्यूटाइल लावलंय. दिवाळीनंतर दोन्ही दिवे काढून गॅस्केट बदलणार आहे.