केळकर संग्रहालय: मेट्रोने मंडईपर्यंत, पुढे पायी

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायला चारचाकी घेऊन जाऊ नये, हे सगळ्यात आधी सांगायला हवं. बाजीराव रस्त्यापासून आत, शुक्रवार पेठेतल्या नातूबागेत हे संग्रहालय आहे. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या, आणि गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो तेवढ्यात एखादं दालन बघून होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो भुयारातून स्वारगेटपर्यंत धावायला लागली आणि हा त्रास संपला. मंडई स्थानकात उतरायचं, वर येऊन बाजीराव रस्ता गाठायचा आणि स्वारगेटच्या दिशेला वळून नातूबाग विचारायची. रमतगमत चाललं तरी दहा-बारा मिनिटं.

पिंपरी-चिंचवडकडून येणाऱ्यांना थेट गाडी आहे. वनाज किंवा रामवाडीच्या बाजूने येणाऱ्यांना सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते. तिथे एक मार्ग पुलावरून जातो आणि दुसरा जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर, त्यामुळे सरकत्या जिन्यांवरच पाचेक मिनिटं जातात. सोबत गुडघेदुखीचं माणूस असेल तर लिफ्ट कुठे आहे ते उतरल्या उतरल्या बघून ठेवा. तिकीट अंतराप्रमाणे १० ते ३५ रुपये, आणि शनिवार-रविवारी त्यात ३० टक्के सवलत.

बसने जायचं तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. बाजीराव रस्ता एकेरी आहे, स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे. शिवाजी रस्ताही एकेरीच, पण नेमका उलट्या दिशेने. म्हणून स्वारगेटहून मनपा किंवा शिवाजीनगरची बाजीराव रस्त्याने जाणारी बस धरली की भिकारदास मारुतीच्या थांब्यावर उतरून संग्रहालय जवळ पडतं. परतताना मात्र त्याच रस्त्यावर समोरच्या बाजूला उभं राहून स्वारगेटची बस कितीही वेळ येणार नाही. ती शिवाजी रस्त्याने जाते, मंडईच्या पलीकडून. बाहेरगावचे कितीतरी लोक इथेच फसतात आणि शेवटी रिक्षा करतात.

दुसरा घोळ नावाचा. रिक्षावाल्याला किंवा वाहकाला नुसतं ‘केळकर’ म्हणालात तर तो तुम्हाला नारायण पेठेतल्या न. चिं. केळकर रस्त्याला नेऊन सोडेल. ते ‘केसरी’चे संपादक नरसिंह चिंतामण केळकर. संग्रहालयाचे केळकर ते नव्हेत. ‘केळकर म्युझियम, नातूबाग’ असं पूर्ण सांगा.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे कवीही होते, ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहायचे. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा, त्याच्या आठवणीसाठी संग्रहालयाला त्याचं नाव. गावोगाव हिंडून, जुने वाडे मोडले जात असताना त्यांनी वस्तू गोळा केल्या आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. वस्तू सुमारे २०,००० आहेत. जागेअभावी मांडलेल्या साधारण २,५०० असतील. पण राजेरजवाड्यांच्या तलवारी-चिलखतांसाठी इथे येऊ नका. ती आहेत, पण तशी इतरत्रही बघायला मिळतात. इथलं खरं धन म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तू: विळ्या, किसण्या, सोरे, दौती, फण्या, कुंकवाचे करंडे, कुलपं, समया, लामणदिवे. घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूवर कारागिराने किती जीव लावावा, हे महाराष्ट्रात इतक्या आपुलकीने क्वचितच कुठे मांडलेलं दिसेल.

अडकित्त्यांची कपाटं अजिबात घाईने बघू नका. अडकित्त्याची रचना साधी असते: खालच्या दांड्यावर सुपारी ठेवायची, वरच्या दांड्याला पोलादी पातं, आणि एका टोकाला दोन्ही जोडणारी खीळ. प्रत्येक अडकित्त्यात ही खीळ कुठे आहे ते आधी शोधा. मग कारागिराने मोराची मान, घोड्याची पाठ किंवा माणसाचं अंग त्या एका हालचालीभोवती कसं बसवलंय ते कळतं. जोडप्याच्या अडकित्त्यात दोन दांडे म्हणजेच दोन माणसं. दांडे मिटले की ती एकमेकांजवळ येतात. वज्र्यांचंही तसंच. टाचा घासायची ही वस्तू, तळ मुद्दाम खडबडीत ठेवलेला आणि वर मुठीच्या जागी पक्षी किंवा प्राणी. काही पितळी वज्र्या पोकळ असतात, आत खडे घातलेले, म्हणजे घासताना आवाज होतो. पाट्यांवर बहुतेक वेळा वस्तूचं नाव, ठिकाण आणि शतक एवढंच असतं, तेव्हा ‘ही धरायची कशी, हलतं काय’ हे स्वतःलाच विचारत पुढे गेलं तर दुप्पट दिसतं. घरातल्या आजींना सोबत न्या. निम्म्या वस्तू त्यांनी वापरलेल्या निघतील.

मस्तानी महालाचं दालन कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून उभारलंय. बहुतेक लोक आधी तिकडेच धावतात, त्यामुळे ते शेवटी बघितलेलं बरं. वाद्यं आणि कोरीव दरवाजे यांना मिळून अर्धा तास द्या. एकूण अडीच तास हवेत. तासाभरात उरकायचं असेल तर दिवे, अडकित्ते, वज्र्या आणि स्वयंपाकघर एवढंच बघा आणि बाकीचं पुढच्या वेळेला ठेवा.

वेळ सकाळी १० ते संध्याकाळी साडेपाच. फोटोंचं शुल्क तिकिटाखेरीज वेगळं. जिने चढायचे आहेत आणि काही दालनं चिंचोळी आहेत, त्यामुळे मोठी सॅक घेऊन जाऊ नका. दारं उघडताच पोहोचलात तर पहिला तासभर निवांत मिळतो, नंतर शाळांच्या सहली येतात. गणपतीच्या दहा दिवसांत हा बेत आखूच नये. मंडई स्थानकात पाय ठेवायला जागा नसते, रस्ते बंद असतात आणि बसचे मार्ग बदललेले असतात.

त्याच दिवशी आणखी काही बघायचं असेल तर केसरीवाडा. बाजीराव रस्त्यानेच पुढे अप्पा बळवंत चौक, बसने १० रुपये किंवा पायी पंधरा मिनिटं, आणि तिथून डावीकडे रमणबागेच्या दिशेने. हाच पूर्वीचा गायकवाड वाडा, टिळकांनी तो १९०५ मध्ये विकत घेतला. तिथल्या छोट्या संग्रहालयात त्यांच्या वापरातल्या वस्तू आणि पत्रं आहेत, आणि क्रांतिकारक मादाम कामांनी १९०७ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला फडकवलेला भारताचा झेंडाही आहे. त्या एका झेंड्यासाठी वाट वाकडी करण्यासारखी आहे.

शनिवार-रविवार असेल आणि सोबत मुलं असतील तर संध्याकाळ कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयासाठी राखा. १९९८ मध्ये सुरू झालेलं हे प्रदर्शन म्हणजे एक अख्खं छोटं शहर: सिग्नल, पूल, सर्कस आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. खेळ ठरलेल्या वेळांनाच होतो आणि अर्ध्या तासाच्या आसपास चालतो, म्हणून निघण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या. केसरीवाड्याहून अलका चौक, लकडी पूल ओलांडून डेक्कन, तिथून मेट्रोने नळ स्टॉप, आणि पुढे कर्वे रस्त्याने सरळ जाणारी बस. पावसाळ्यात भिडे पुलाच्या भरवशावर राहू नका, खडकवासला धरणातून पाणी सोडलं की तो बंद होतो. आणि बसमध्ये चढताना ‘कर्वे पुतळ्यावरून जाते ना?’ हे विचारून घ्या, कारण पौड फाट्याला रस्ते फुटतात आणि पौड रस्त्याची बस तुम्हाला भलतीकडे नेते.

एवढ्या बेतासाठी पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, ७० रुपयांचा दिवसाचा पास काढायची गरज नाही. लांबचं अंतर मेट्रोने होतं आणि बसचे टप्पे सगळे पाच किलोमीटरच्या आतले, म्हणजे प्रत्येकी १० रुपये. तीन वेळा चढलात तरी ३० रुपयांत भागतं. हडपसर किंवा कात्रजसारख्या मेट्रो नसलेल्या भागातून दोन बस बदलून येणार असाल तर मात्र पास परवडतो का ते हिशेब करून बघा. सुटे पैसे जवळ ठेवा.