‘काय लिहिलंय ते तुम्हीच सांगा’: त्सुबावरच्या सहीची फसवणूक

जपानी तलवारींचं जुनं सामान ऑनलाइन घेणाऱ्यांनी, त्यातही थोडंफार जपानी वाचता येणाऱ्यांनी, हे जरूर वाचा. पुण्यात कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चिनी अक्षरं, घोकलेले लोक बरेच आहेत आणि या प्रकारातलं गिऱ्हाईक म्हणजे नेमके तेच.

त्सुबा म्हणजे तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामधली चकती. युरोपातल्या एका विक्रेत्याने एक लोखंडी त्सुबा विकायला काढली होती. फोटो स्वच्छ, वर्णन दोन ओळींचं: आजोबांच्या पेटीत सापडली, मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंना काही अक्षरं आहेत, मला वाचता येत नाहीत, कुणी सांगेल का?

मी वाचली. एका बाजूला ‘मोगाराशी न्यूदो सोतेन सेइ’, दुसऱ्या बाजूला ‘गोशू हिकोने जू’. मोगाराशी सोतेन हे कारागिराचं नाव, सेइ म्हणजे बनवलं, जू म्हणजे राहणार, न्यूदो म्हणजे मुंडण करून दीक्षा घेतलेला. गोशू हा ओमी प्रांत, आजचा शिगा, आणि हिकोने हे बिवा सरोवराकाठचं किल्ल्याचं गाव. अक्षरं हवी तेवढीच अवघड होती. एक झिजलेलं, एक जुन्या वळणाचं. कोश काढून बसावं लागेल आणि लागलं की रात्री झोप येणार नाही, इतपत. विक्रेत्याला कळवलं, तर म्हणाला, “असं होय? मला कल्पनाच नव्हती. आणखी एकजण विचारतोय, पण तुम्ही मदत केलीत म्हणून आधी तुम्हाला.” बेचाळीस हजार रुपये गेले, वर कस्टम ड्युटी.

वाचन बरोबरच होतं. पण सोतेन हे त्सुबांवर सर्वांत जास्त खोटं कोरलं गेलेल्या नावांपैकी एक. हे नाव लावणाऱ्या हिकोनेच्या कारागिरांचं काम गर्दीचं असे: लढणारे सामुराई, चिनी ऋषी, झाडं, सगळं आरपार कोरलेलं आणि वर सोन्याचांदीचं जडावकाम. मागणी इतकी, की एदो काळातच (1603 ते 1868) इतर गावांतले कारागीर तेच नाव घालून माल काढू लागले. 1876 मध्ये सरकारने तलवार बाळगून फिरायला बंदी घातली, त्यानंतर परदेशी गिऱ्हाइकांसाठी असा माल आणखी निघाला. अशा खोट्या सहीला तिकडे ‘गिमेइ’ म्हणतात. माझ्या वस्तूला तेवढंही वय नव्हतं.

तोक्योत राहणाऱ्या, या वस्तू जमवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी ती हातात घेतली. सहीकडे त्यांनी बघितलंही नाही. भिंग घेऊन आधी नक्षीच्या आतल्या कडा तपासल्या. तिथे एक बारीक रेघ सगळीकडून फिरत होती, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. मग पृष्ठभागावरची टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, ओतीव लोखंडाची. पातं घट्ट बसावं म्हणून मधल्या भोकात तांब्याचे तुकडे ठोकतात. इथे तेही साच्यातूनच आलेले आणि वर तांब्याचा रंग. अक्षरं शेवटी. छिन्नीने कोरलं की धातू बाजूला सरकतो आणि रेघेच्या कडेला हलका उंचवटा राहतो. माझ्या अक्षरांच्या कडा सगळीकडे गोल, गुळगुळीत. पुढे एका वेगळ्याच देशातल्या विक्रीच्या फोटोत तेच झिजलेलं अक्षर दिसलं, तिथेच, तेवढंच झिजलेलं.

पैसे परत मागितल्यावर उत्तर आलं: “सोतेन मी म्हणालोच नाही, तुम्ही म्हणालात.” पैसे ज्यांच्यामार्फत दिले त्या कंपनीचंही तेच. वर्णनात नाव नाही, काळ नाही, म्हणजे वस्तू वर्णनाप्रमाणेच आहे. तक्रार बंद. डाव किती सफाईचा आहे बघा: खोटं त्याने बोलायचंच नाही, ते आपण आपल्या विद्येने शोधून काढायचं.

काही महिन्यांनी त्याच माणसाने फुची काढली, म्हणजे मुठीच्या तोंडाशी बसणारं कडं. पुन्हा आजोबा, पुन्हा पेटी. या खेपेला सहीबरोबर सालही होतं: तेन्पो 10, वर्ष वाघाचं. तेन्पो हे जपानी कालगणनेतल्या एका कालखंडाचं नाव. अशा सालाबरोबर पुष्कळदा साठ वर्षांच्या चक्रातलं नाव कोरतात, आपल्या पंचांगातल्या संवत्सरांसारखंच, आणि त्यात दर वर्षाला एक प्राणी असतो. तेन्पो 10 म्हणजे 1839, आणि ते वर्ष डुकराचं. वाघ तेन्पो 13 ला येतो.

सही नसलेल्या त्सुबा लोक उगाच टाळतात. तलवारीचं सामान घडवणाऱ्या गोतो घराण्यातल्या पहिल्या पिढ्यांनी तर कामावर सही केलीच नाही. पुढच्या वारसांनी काही वस्तूंवर ‘हे अमक्या पूर्वजाचं’ असं स्वतःच्या नावानिशी कोरून ठेवलं. सहीसाठीच पैसे मोजायचे असतील तर निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या जपानी तलवारींच्या जतनासाठीच्या, 1948 पासूनच्या संस्थेचा कागद मागा. त्यावर वस्तूचा फोटो असतो. तो हातातल्या वस्तूशी ओरखड्यापर्यंत जुळवून बघा. विक्रेत्याने स्वतः छापलेल्या ‘वाचन प्रमाणपत्रा’ला काडीची किंमत नाही.

फुचीच्या वेळी मी दुसऱ्या नावाने त्याच्याकडे आतल्या बाजूचे आणि कडांचे फोटो मागितले. सहीचे आणखी चार फोटो आले.