सहा आठवड्यांत ‘मोकळा कुत्रा’ : ४२,००० रुपये आणि गळ्यावरच्या दोन जखमा

आमची जाई बीगल जातीची आहे. ती चौदा महिन्यांची असताना, २०२५ च्या जुलैमध्ये, मी तिला मुळशीच्या बाजूला असलेल्या एका प्रशिक्षण केंद्रात सहा आठवड्यांसाठी ठेवले आणि त्यापोटी ४२,००० रुपये मोजले. लीशशिवाय सोडली तरी हाकेला परत येणारा ‘मोकळा कुत्रा’ मला मिळणार होता. परत आली तेव्हा तिच्या गळ्यावर दोन जखमा होत्या, हाक मारली की ती अंग चोरत होती आणि वासाचे काम (लपवलेला ठरावीक वास हुडकणे) म्हणून जे शिकवल्याचे सांगितले गेले त्यातले तिला काहीही येत नव्हते. आपला कुत्रा अशा ठिकाणी पाठवण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावे, एवढ्यासाठी सर्व तपशील लिहीत आहे. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्याने केंद्राचे आणि प्रशिक्षकांचे नाव लिहिलेले नाही.

बीगल ही सशांच्या मागावर धावण्यासाठी इंग्लंडमध्ये जोपासली गेलेली जात आहे. तिचे नाक एकदा जमिनीला लागले की तिला हाक ऐकूच येत नाही, हे घरात बीगल असलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरताना जाई लीशला इतकी ओढ देत असे की माझा खांदा दुखू लागला होता, आणि बाकीचे कुत्रे मोकळे हिंडताना पाहून मला तिचे वाईट वाटत असे. त्याच सुमारास वास शोधण्याच्या खेळाविषयी माझ्या वाचनात आले. अमेरिकेत हा खेळ बर्च, बडीशेपेच्या जातीचे अॅनिस आणि लवंग यांच्या तेलांवर शिकवतात, ठरावीक वास लपवलेला डबा कुत्रा हुडकून काढतो, आणि अशा कामाने तो समाधानाने थकतो. लवंगेचे तेल तर आपल्या घरातलेच, त्यामुळे हे मला फार जवळचे वाटले.

केंद्राच्या प्रशिक्षकांनी पहिल्या भेटीत पैशांचा विषयही काढला नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅब्रॅडॉरने स्फोटके हुडकण्यात केलेली कामगिरी त्यांनी मन लावून सांगितली, स्वतःचे शिक्षण मेरठला झाल्याचे सांगितले आणि भिंतीवरच्या चौकटीतले ‘सरकारमान्य’ प्रमाणपत्र दाखवले. मेरठचे रिमाउंट व्हेटर्नरी कोअरचे केंद्र लष्करासाठी कुत्रे तयार करते, आणि ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे केंद्र आहे तेही सुरक्षा दलांसाठी आहे. तेथे शिकलेल्या माणसाकडे त्याच्या सेवेची कागदपत्रे असतात आणि ती मागण्यात काहीही गैर नाही. मी मागितली नाहीत. ते प्रमाणपत्र दोन दिवसांच्या ऑनलाइन वर्गाचे होते, हे पुढे मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून पाहिल्यावर कळले. आपल्याकडे डॉक्टर किंवा वकील यांना लागते तशी सनद कुत्र्यांच्या प्रशिक्षकाला लागत नाही, म्हणून ‘सरकारमान्य’ हा शब्द ऐकला की नेमक्या कोणत्या सरकारी खात्याने आणि कशासाठी मान्यता दिली, हे तिथल्या तिथे विचारावे.

पैसे यूपीआयने घेतले गेले, तेही दुसऱ्याच व्यक्तीच्या नावावर, आणि पावती ‘शेवटी एकदम देऊ’ असे सांगितले गेले. या सगळ्यापेक्षा घातक ठरली ती एक अट. ‘ताई, पहिला महिनाभर भेटायला येऊ नका, मालकाचा वास आला की शिकवलेले सगळे वाया जाते,’ असे ते म्हणाले आणि मला ते शास्त्रीय वाटले. वस्तुतः ज्याच्या हाकेला कुत्र्याने यायचे, त्यालाच शिक्षणापासून दूर ठेवण्याचे काहीही कारण नसते. दर आठवड्याला पंधरा-वीस सेकंदांचा एक व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर येई. चार आठवड्यांचे चार व्हिडिओ नंतर एकापाठोपाठ पाहिले, तेव्हा चारही व्हिडिओंत भिंतीपाशी तीच निळी बादली त्याच जागी पालथी पडलेली होती आणि तिची सावलीही तेवढ्याच लांबीची होती. एका सकाळी केलेले चित्रण मला महिनाभर तुकड्या-तुकड्याने पाठवले जात होते.

शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक झाले. प्रशिक्षकांनी सहा खोके ओळीने मांडले, एकात स्वतःच्या हाताने लवंगेचा कापूस ठेवला आणि जाईला घेऊन ओळीवरून चालत गेले. चौथ्या खोक्याजवळ ती खाली बसली. माझे डोळे भरून आले, हे मला आजही आठवते. मग कुंपण घातलेल्या मैदानात तिला मोकळे सोडून त्यांनी एकच हाक मारली आणि ती सरळ परत आली. गळ्यात काळी डबी लावलेला जाड पट्टा होता. तो जीपीएसचा असल्याचे त्यांनी सांगितले आणि जाईला माझ्या ताब्यात देण्यापूर्वी तो काढून घेतला.

घरी आल्यानंतर चौथ्या दिवशी मी तिला टेकडीवर मोकळे सोडले. मुंगूस दिसले आणि ती गेली. अडीच तासांनी एका अनोळखी गृहस्थांना ती जुन्या खाणीजवळ सापडली, तेव्हा तिचे चारही पंजे सोलवटलेले होते. खाणीच्या पाण्यात किंवा खाली रस्त्यावर काय होऊ शकले असते, याचा विचार मी आजही करू शकत नाही. प्रशिक्षकांना फोन केला तर उत्तर तयारच होते : ‘ताई, रिमोटचा पट्टा तुम्ही घेतलाच नाही, त्याशिवाय बीगल येणार कशी? अठरा हजारांत देतो.’

पंजे दाखवायला नेले असता पशुवैद्यांनी तिच्या गळ्याखालचे केस बोटांनी बाजूला केले. तेथे एकमेकींपासून साधारण दोन बोटांच्या अंतरावर दोन गोल, खपली धरलेल्या जखमा होत्या. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याला आतून धातूचे दोन खुंट असतात, आणि तो पट्टा तासन्‌तास घट्ट बांधून ठेवला की ते खुंट कातडीत रुतून अशा जखमा होतात, असे त्यांनी समजावून सांगितले. वेल्समध्ये हे पट्टे वापरण्यावर २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली प्राण्याला विनाकारण वेदना देणे गुन्हा ठरतो, परंतु पहिल्या गुन्ह्याला त्यात दहा ते पन्नास रुपये एवढाच दंड आहे, आणि हे वाचून मला संताप आला.

वासाच्या कामाचा खरेखोटेपणा मात्र आम्ही घरीच तपासला. मुलीने मला खोलीबाहेर पाठवले, चपलांच्या सात खोक्यांपैकी एकात लवंगेचा कापूस ठेवला आणि ती स्वतःही दुसऱ्या दाराने बाहेर गेली, म्हणजे खोलीत उरलेल्या कोणालाही उत्तर माहीत नव्हते. मी जाईला घेऊन ओळीवरून चालले. दुसऱ्या खोक्यापाशी मी थांबले, ती बसली. पुन्हा केले, पाचव्यापाशी थांबले, ती बसली. कापूस सातव्यात होता आणि त्यावरून ती दोन्ही वेळा नाकही न लावता पुढे गेली होती. तिला वास शिकवलाच नव्हता, माणूस थांबला की बसायचे एवढेच तिला शिकवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खुराने गणिते सोडवतो म्हणून गाजला होता, आणि तो उत्तर माहीत असलेल्या माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली टिपतो हे ऑस्कार फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले. तेथे मालकाला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते. येथे ते जाणूनबुजून केले गेले.

म्हणून प्रात्यक्षिक पाहताना वस्तू आपण लपवावी, कुत्रा फिरवणाऱ्याला जागा सांगू नये आणि एखादी फेरी वास न ठेवताही घ्यावी. कुत्रा तेव्हाही बसला तर काय ते समजावे. मोकळे सोडण्याचे प्रात्यक्षिक गळ्यात काहीही नसताना, अनोळखी जागी आणि आपल्या हाकेवर व्हायला हवे. कोणत्याही वेळी न कळवता येऊन पाहण्याची मुभा जेथे नाही, तेथे कुत्रा ठेवू नये. कुत्रा परत आल्यावर त्याच दिवशी गळ्याभोवतीचे केस बाजूला करून पाहावे आणि काही आढळल्यास तारखेसह फोटो व पशुवैद्यांचा लेखी दाखला घ्यावा.

फसवणूक झालीच असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असल्यास जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. माझ्याकडे पावती नव्हती, तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचे संभाषण आणि ते चार व्हिडिओ कामी आले. नोटीस मिळाल्यावर समोरून दहा हजार रुपये परत देण्याची तयारी दाखवण्यात आली, पण त्याबदल्यात जखमांचे फोटो कोणालाही दाखवू नयेत अशी अट होती. मी नकार दिला.

जाईला आता आम्हीच शिकवत आहोत. भोके पाडलेल्या छोट्या डबीत लवंगेचा कापूस ठेवायचा, डबीला नाक लावले की लगेच तिथेच खाऊ द्यायचा, आणि ती डबी स्वतःहून शोधू लागली की हळूहळू लपवायची, अशी सुरुवात केली. खाऊ म्हणून भाजलेला जवळा वापरतो, कारण त्यासाठी ती काहीही करायला तयार असते. तिसऱ्या महिन्यात तिने बंद खोलीतल्या सात खोक्यांतून वासाचे खोके आमच्यापैकी कोणालाही जागा माहीत नसताना हुडकले. हाकेला अंग चोरणे कमी झाले आहे, गेलेले नाही. टेकडीवर ती आजही दहा मीटर लांब दोरीवर आणि छातीच्या हार्नेसवरच असते, कारण समोर मोर आला तर ती माझ्याकडे वळेल याची खात्री मला अजून वाटत नाही.