कोबॉट की पिंजऱ्यातला रोबो: सोलापूरच्या पोरांनी आधी काय शिकावं?

दिवाळीला घरी गेलो की भाचा हाच विषय काढतो. "मामा, कोबॉट शिकू का मोठा रोबो? सगळे कोबॉटच शीक म्हणलालेत." कोबॉट म्हणजे माणसाच्या शेजारी काम करायला बनवलेला रोबो. पोरगा विजापूर रोडच्या आयटीआयमधून फिटर झालाय. मी चाकणला वेल्डिंग लाइनवर रोबो चालवतो, म्हणून घरात या विषयातला शहाणा मीच. त्याला सांगतो, आधी मोठा शीक. त्याचं तोंड पडतं. पण हे उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही.

मोठा रोबो म्हणजे फॅनकचा पिवळा, कुकाचा नारिंगी, शिवाय एबीबी आणि यास्कावा या कंपन्यांचे. तो जाळीच्या पिंजऱ्यात असतो आणि चालू असताना दार उघडलं की जागेवर थांबतो. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट कामाला लागला, तेव्हापासूनचं हे घराणं. कोबॉट त्यामानाने पोरसवदा. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबॉट्सने आपला पहिला कोबॉट २००८ साली विकला. माणसाला धक्का लागला की तो थांबतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी जाळीशिवाय चालतो. बऱ्याच, सगळ्या नव्हे. त्याच्या हातात धारदार पत्रा दिला की जाळी नाहीतर सेन्सर आलाच.

शिकायला कोबॉट सोपा, यात वादच नाही. बटण दाबून त्याचा हात धरायचा, लहान पोराला चालवावं तसं हव्या त्या जागी न्यायचं आणि तो बिंदू सेव्ह करायचा. पहिल्याच दिवशी इथली वस्तू तिथे ठेवता येते. गडबड इथेच होते, कारण पोराला वाटतं आपल्याला आलं. मग ग्रिपर, म्हणजे वस्तू धरायचा पंजा, बदलून जास्त जड लावतो आणि नव्या ग्रिपरचं वजन सेटिंगमध्ये टाकायचं राहतं. हाताने न्यायचं बटण दाबलं की कोबॉट आपोआप खाली झुकायला लागतो, आणि पोरगं म्हणतं मशीन बिघडलं. मशीन ठीक असतं. हातात किती ओझं आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मोठ्या रोबोत ही मोकळीक नाही. पेंडंट म्हणजे रोबो चालवायचा हातातला रिमोट, त्याच्या मागे एक स्विच असतो. अर्धा दाबला तरच रोबो हलतो, सोडला तर थांबतो आणि घाबरून गच्च आवळला तरीही थांबतो. घाबरल्यावर माणूस कधी हात सोडतो, कधी मूठ आवळतो, म्हणून दोन्हीकडे थांबायची सोय. शिकवताना वेग सेकंदाला २५० मिलिमीटरवर बांधलेला असतो. तरी चूक महागात जाते. शिकाऊ असताना मला रोबोच्या हातातली वेल्डिंगची टॉर्च वर घ्यायची होती. मी झेड प्लस दाबलं. रोबोच्या दिशा कशावरून मोजायच्या ते फ्रेम ठरवते: वर्ल्ड फ्रेम जमिनीवरून, टूल फ्रेम हातातल्या अवजारावरून. वर्ल्ड फ्रेममध्ये झेड प्लस म्हणजे वर, पण मी होतो टूल फ्रेममध्ये, आणि तिथे झेड टॉर्चच्या टोकातून बाहेर, म्हणजे थेट टेबलाकडे. नॉझल वाकलं आणि दिवसभर बोलणी खाल्ली. आज पेंडंट हातात घेतलं की पहिली नजर फ्रेमवर जाते.

मोठा आधी म्हणतो ते यासाठीच. फ्रेम, टूलचं टोक मोजणं, सरळ रेषेत जायचं की सांध्यांच्या सोयीने, इनपुट-आउटपुट (बाकीच्या मशीनशी सिग्नलची देवाणघेवाण) हे सगळं कोबॉटमध्येही आहेच, फक्त गोड स्क्रीनमागे लपलेलं. मोठ्यावरून आलेल्याला कोबॉट आठवड्याभरात जमतो. उलट जाणाऱ्याला जरा जड जातं. एबीबीची रॅपिड, कुकाची केआरएल, फॅनकची टीपी अशा भाषा वेगवेगळ्या आहेत खऱ्या, पण एक नीट आली की दुसरीत फार अडत नाही. पीएलसी, म्हणजे सगळ्या लाइनला हुकूम देणारा कंट्रोलर, मात्र दोन्हीकडे लागतंच.

खरा प्रश्न, राहणार कुठे? सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याला जायचं असेल, तर चाकण-रांजणगावला गाड्यांच्या सांगाड्याचं स्पॉट वेल्डिंग, आर्क वेल्डिंग, जड माल उचलणं ही कामं मोठ्या रोबोची. तिथे एकेक सेकंद मोजतात, आणि कोबॉट माणसाजवळ हळू चालतो.

सोलापुरातच राहायचं असेल तर गणित बदलतं. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत घरचं सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचं) वर्कशॉप असेल, तर मी बिनदिक्कत कोबॉट शीक म्हणेन. मशीनमध्ये जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावणं-काढणं हे त्याचंच काम. जागा कमी लागते आणि आज या मशीनला, उद्या त्या मशीनला लावता येतो. फक्त ओझं बघा. युनिव्हर्सल रोबॉट्सचा यूआर५ई कोबॉट पाच किलो उचलतो, पण त्यात ग्रिपरही आला. ग्रिपर एक किलोचा असेल तर जॉबला चारच उरतात. इंजिनातल्या कॅमशाफ्टसारखी टणक, दरवेळी सारखी वस्तू रोबोला आवडते. आपली चादर आणि टॉवेल नाही. मऊ कापड कुठूनही धरलं की वेगळंच लोंबतं, म्हणून घडी घालायला अजून माणसाचाच हात सरस. कापडाच्या कारखान्यात रोबो आलाच तर खोकी रचायला येईल.

सरावाला पैसे लागतातच असं नाही. युनिव्हर्सल रोबॉट्सचे ऑनलाइन धडे आणि यूआरसिम हा सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचा सरावाचा रोबो, फुकट आहेत. भाच्याला सांगितलंय, रात्री मोबाइल बाजूला ठेवून महिनाभर ते कर, मग फीचं बोलू. सिम्युलेटरवर स्विच धरायची सवय मात्र लागत नाही, त्यासाठी क्लास हवाच. क्लास बघायला जाशील तेव्हा एका रोबोमागे किती पोरं आणि पेंडंट प्रत्येकाच्या हातात किती तास, एवढं विचार. पेंडंट कपाटात कुलपात दिसलं तर चहा घेऊन परत ये.