व्हिच की टाइप? एकाच नावाच्या दोन कमांड भिडतात तेव्हा

सोलापुरात ग्रामदैवतावरून सिद्धाराम, सिद्धेश्वर अशी नावं घरोघरी. यंत्रमागाच्या शेडमध्ये ‘सिद्धू’ म्हणून हाक मारली की दोघं-तिघं वळून बघतात. शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, मात्र पहिला सापडेल त्यालाच काम देतो.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी भाच्याने सुताच्या कोनांची नोंद छापणारी स्क्रिप्ट लिहिली. नाव ठेवलं ‘टेस्ट’. चालवली की ना नोंद, ना चुकीचा संदेश. कमांड कुठल्या फोल्डरात आहे ते सांगणाऱ्या ‘व्हिच’ या कमांडला विचारलं तर त्याच्याच बिन फोल्डरचा पत्ता आला, म्हणून तो निर्धास्त आणि सगळी दुपार स्क्रिप्टमधली चूक शोधण्यात गेली. स्क्रिप्ट चालतच नव्हती. बॅश या लिनक्सवरच्या नेहमीच्या शेलमध्ये टेस्ट नावाची अंगभूत कमांड आहे, आणि पुढे काही न देता चालवली तर ती गुपचूप परतते.

व्हिच इथे फसवतं, कारण लिनक्सवर तो बहुधा वेगळा प्रोग्राम असतो आणि फक्त पाथमधली, म्हणजे कमांड शोधण्यासाठी ठरवून दिलेल्या यादीतली, फोल्डरं चाळतो. बॅश आधी एलियस (कमांडला दिलेलं टोपणनाव) बघतो, मग फंक्शन (शेलमध्येच नाव देऊन ठेवलेला कमांडचा गट), मग अंगभूत कमांड, आणि पाथ सगळ्यात शेवटी. ‘टाइप’ ही दुसरी कमांड बॅशचाच भाग असल्याने तिला हे सगळं दिसतं. ‘टाइप -ए टेस्ट’ म्हटलं की त्या नावाचे सगळे दावेदार क्रमाने समोर येतात. शिवाय बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो. नवी आवृत्ती पाथमधल्या आधीच्या फोल्डरात टाकली तरी चालू टर्मिनलमध्ये जुनीच धावते. व्हिच नवीन पत्ता सांगतं, -ए न लावलेलं नुसतं टाइप जुना ‘हॅश्ड’ (लक्षात ठेवलेला) असा शिक्का मारून दाखवतं. ‘हॅश -आर’ने ती आठवण पुसते.

म्हणून बॅशवर माझं मत स्पष्ट आहे: हाताने शोधताना टाइप -ए. स्क्रिप्टमध्ये मात्र ‘कमांड -व्ही’. ते पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामाईक प्रमाणात आहे, डॅश या छोट्या शेलवरही चालतं. 2019पासून मॅकवर मूळ शेल म्हणून येणाऱ्या झेडशेलमध्ये व्हिच अंगभूत आहे, तिथे त्यावर विसंबायला हरकत नाही.

दोषी सापडल्यावर? नावाआधी बॅकस्लॅश दिला तर फक्त एलियस टळतो. ‘कमांड’ शब्द लावला तर फंक्शनही टळतं, पण अंगभूत कमांड दोन्हींना टळत नाही. त्यासाठी फाइलचा पूर्ण पत्ता लिहावा. रोज चालवायच्या स्क्रिप्टला मी तेही सुचवणार नाही, नावच बदला. भाच्याने ‘सूतनोंद’ ठेवलं, पण आधी टाइप -ए करून बघितलं.